रविवारचं पित्त

दवाखान्यामागच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली लाल गाडी कुणाची, ती चालणार कधी आणि डॉक्टरांनी हा उद्योग मांडला तरी कशाला, हे प्रश्न गेली दोन वर्षं लोक मला बीपी तपासून घेता घेता विचारतात. (बीपी मोजताना बोलू नये, आकडा वाढतो, हे मी दर वेळी सांगतो. उपयोग होत नाही.) एरवी मी इथं शुगर, थायरॉईड, गुडघे असल्या विषयांवर लिहितो. आज त्या गाडीवर लिहिणार आहे. मात्र वाचत राहा, कारण हे लिखाण आजाराबद्दलच आहे, आणि आजार ओळखण्यात मी केलेल्या दोन चुकांबद्दल आहे.

गाडी आहे स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. मद्रासला १९६१ पासून बनायला लागली. मूळ रचना इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची, आणि आकार जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने काढलेला. हिला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर मित्रांशी माझं भांडण होतं. पण हिचीच चासी आखूड करून त्यावर ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची खरीखुरी दोन सीटांची स्पोर्ट्स कार काढली, आणि आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या तेव्हा त्यात हेरल्डही पळायच्या. कॉलेजात असताना आमचे एक सर हेरल्ड चालवायचे. ती वळणावर अशी काही वळायची की आम्ही पोरं सायकल थांबवून बघत राहायचो. तेवढ्या पुराव्यावर माझ्यासाठी ती स्पोर्ट्स कार आहे.

मला मिळाली ती मिरजेकडच्या एका वाड्याच्या परड्यात, कडब्याच्या गंजीखाली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. एका बऱ्यापैकी मोटारसायकलीच्या किमतीत सौदा झाला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती पेठ वडगावात आली. तो दिवस बाजाराचा होता. बाजारातून म्हशी घेऊन परतणाऱ्या लोकांनी माझ्या खरेदीकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरलेलो नाही.

हेरल्डचं मला सगळ्यांत आवडतं ते तिचं बॉनेट. मडगार्ड आणि दिव्यांसकट पुढचा अख्खा भाग मगरीच्या जबड्यासारखा पुढे उलटतो. इंजिन सगळ्या बाजूंनी उघडं पडतं आणि पुढच्या चाकावर बसून निवांत काम करता येतं. पेशंटला टेबलावर झोपवून सगळीकडून तपासता यावं, तसं. इंजिन चार सिलिंडरचं, ९४८ सीसीचं. म्हणजे आजच्या साध्या छोट्या गाडीएवढंच.

आणि बिघाड त्या इंजिनातच होता. थंड असताना ते पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं. जरा तापलं की गुरगुरायचं, आचके द्यायचं, सायलेन्सरमधून काळा धूर सोडायचं. शेडभर पेट्रोलचा वास. प्लग काढले की काजळीने काळेकुट्ट.

कोल्हापूर जवळ असण्याचा एक फायदा म्हणजे उद्यमनगर. शेतीची ऑइल इंजिनं बनवून, दुरुस्त करून तिथल्या दोन-तीन पिढ्यांचे हात तयार झालेले आहेत. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ओतकाम, सगळं हाकेच्या अंतरावर. तिथले एक सत्तरीचे मिस्त्री महिन्यातून दोन रविवार वडगावला यायला तयार झाले. पैसे फार घेत नव्हते, पण जेवण वेळेवर लागायचं. बाकीच्या रविवारी मी आणि माझा पुतण्या. तो एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. सगळं व्हिडिओ बघून शिकलेला आणि माझ्यापेक्षा बरं शिकलेला.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. ते जवळजवळ सारखं निघालं. म्हणजे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह धड होते. मग धुराकडे बघून ते म्हणाले, "डॉक्टर, ह्यो गडी उपाशी न्हाई. ह्येला अजीर्ण झालंय." म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात होतं. निदान तर पहिल्याच भेटीत झालं होतं. पण पेट्रोल जास्त का जातंय, याचं कारण सापडेना. आम्ही एअर फिल्टर बदलला, चोक तपासला, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. प्लगचे तर तीन सेट झाले. एखादा पेशंट चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि पिशवीभर गोळ्या घेऊन येतो, तशी आमची ट्रे दिसायला लागली.

आता शेडबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. ही पूर्वी गुळाच्या ढेपा ठेवायची खोली. वीस फूट लांब, बारा फूट रुंद, पक्क्या विटांची. वर पत्रा, पुढे शटर, मागे एक खिडकी. रंगकामात धूळ बसू नये म्हणून त्या खिडकीला जाड प्लास्टिक मीच ठोकलं होतं. दिवाळीनंतर थंडी वाढली. शेजारच्या घरी बारावीची मुलगी, अभ्यासाला बसलेली, आणि आमचं इंजिन म्हणजे गुरगुरणारा वाघ. म्हणून मी शटर खाली ओढून घ्यायला लागलो. पूर्ण नाही, खाली वीतभर फट ठेवायचो. मी डॉक्टर आहे. बंद जागेत इंजिन चालवू नये, हे मला माहीत होतं. वीतभर फट आणि दहा-पंधरा मिनिटं, एवढ्याने काय होतंय, असंही मलाच वाटत होतं.

डिसेंबरात माझं डोकं दुखायला लागलं. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं, वर थोडी मळमळ. मी त्याला पित्त म्हटलं, गोळी घेतली, झोपलो. सकाळी बरं. पुतण्याही म्हणाला, "काका, माझंही डोकं जड झालंय." त्याला मी मोबाइल कमी बघायला सांगितलं. मग मी माझा चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर थोडा बदलला होता, त्यामुळे कारण सापडल्याचं समाधानही मिळालं.

बायको शाळेत शिक्षिका आहे, हजेरीपत्रक भरायची सवय. एका सोमवारी चहा देताना ती म्हणाली, "अहो, तुमचं पित्त फक्त रविवारीच कसं वर येतं?" मी म्हटलं, रविवारी मटण असतं. घरात हसू झालं. विषय संपला.

जानेवारीतला दुसरा रविवार. मिस्त्री येणार नव्हते. पुतण्या मागच्या बाजूला, सायलेन्सरचा सैल झालेला ब्रॅकेट आवळत गाडीखाली अर्धा आत. मी पुढे कार्बोरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आवाज ऐकत होतो. त्या दिवशी इंजिन नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू राहिलं. पाऊण तास तरी. कधी नव्हे ते सलग चाललं होतं, म्हणून आम्ही ते बंदच करेना. मी पाना मागितला. त्याने दुसराच दिला. पुन्हा मागितला, उत्तर नाही. जाऊन बघितलं तर तो चाकाला टेकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली की "हं" म्हणायचा, पण उठता येईना. ओकारी झालेली.

मी पहिल्यांदा काय केलं, ते प्रामाणिकपणे सांगतो. कोविडपासून खिशात ठेवायची सवय लागलेला ऑक्सिमीटर काढून त्याच्या बोटाला लावला. आकडा आला ९९. आणि मला हायसं वाटलं. ऑक्सिजन उत्तम आहे, म्हणजे शुगर कमी झाली असेल, दुपारी नीट जेवला नसेल, असं मनात आलं. इंजिन तेव्हाही चालूच होतं. मी तिथंच उकिडवा बसून विचार करत राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. मी उठायला गेलो तेव्हा माझाच तोल गेला आणि हात गरम सायलेन्सरवर पडला. त्या चटक्याने डोकं जागेवर आलं. शटर वर ढकललं, किल्ली बंद केली, त्याला काखेत धरून ओढत अंगणात आणलं.

दवाखान्यातला छोटा ऑक्सिजन सिलिंडर, नाकातोंडावर घट्ट बसणारा पिशवीचा मास्क, आणि पूर्ण प्रवाह. आवाज ऐकून शेजारचे काका आले. मी माझ्या गाडीची किल्ली शोधत होतो. मी या अवस्थेत गाडी चालवू नये हे मला सुचलं नाही, ते त्यांना सुचलं. त्यांनीच आम्हाला कोल्हापूरला नेलं.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. पेट्रोल, गॅस, लाकूड, कोळसा, काहीही जळताना हवा कमी पडली की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. इंजिनाच्या धुराला वास असतो तो इतर गोष्टींचा. तो कमी झाला म्हणजे धोका कमी झाला, असं नाही.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ही एक एसटी समजा. सीटा चारच. फुप्फुसांच्या स्टँडवर ऑक्सिजनचे प्रवासी चढतात, मेंदू, हृदय, स्नायू अशा थांब्यांवर उतरतात. कार्बन मोनॉक्साईड हा असा प्रवासी आहे की तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोराने सीट धरतो आणि कुठल्याही थांब्यावर उतरत नाही. वर बाकीच्या प्रवाशांनाही सहजी उतरू देत नाही. म्हणजे गाडी भरलेली धावतेय आणि मेंदूच्या थांब्यावर मात्र कुणी उतरत नाही.

मग ऑक्सिमीटर ९९ का दाखवतो? बोटाला लावायच्या साध्या यंत्रात दोन प्रकारचे प्रकाश असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल दिसतं, न घेतलेलं काळपट, या फरकावर ते यंत्र हिशेब करतं. कार्बन मोनॉक्साईड बसलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं. यंत्र कंडक्टरसारखं फक्त भरलेल्या सीटा मोजतं. कोण बसलंय, ते त्याला कळत नाही. ही गोष्ट मी विद्यार्थी असताना शिकलोय, परीक्षेत लिहिलीय. शेडमध्ये बसलेल्या त्या माणसाला ती आठवली नाही. त्याचं कारणही तोच वायू, कारण तो सगळ्यांत आधी नीट विचार करायची ताकद काढून घेतो. म्हणूनच यात अडकलेली माणसं दार दोन पावलांवर असताना आत बसून राहतात.

खरी तपासणी म्हणजे रक्ताची. त्यातही को-ऑक्सिमीटर असलेल्या यंत्रावर. ते सगळीकडे नसतं, म्हणून आधी फोन करून विचारावं. न ओढणाऱ्या माणसाच्या रक्तात या वायूने अडवलेलं हिमोग्लोबिन दोन-तीन टक्क्यांपर्यंत असतं. सिगारेट ओढणाऱ्यांत ते दहापर्यंत जातं. (सिगारेट ओढणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.) पुतण्याचं आलं १६. साध्या हवेत हे प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-सव्वा तास. त्याला ऑक्सिजन लावून तास होऊन गेला होता. म्हणजे शेडमधून ओढला तेव्हा ते तिसाच्या आसपास असणार, हा हिशेब तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर केला. मी मान खाली घालून ऐकला. माझं आलं १३.

त्याचा ईसीजी काढला, हृदयाच्या रक्तचाचण्या केल्या, रात्रभर ऑक्सिजन दिला. दुसऱ्या दिवशी तो मिसळ मागत होता. पण घरी सोडताना आम्हाला पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायला सांगितलं. या विषबाधेत माणूस आधी पूर्ण बरा होतो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं अशी लक्षणं उमटू शकतात. ते आठवडे मी त्याला रोज काही ना काही निमित्त काढून फोन करायचो. कार्बोरेटरच्या जेटचा नंबर विचारायचो. तो बरोबर सांगायचा. भावाला आणि वहिनीला तोंड दाखवणं हा वेगळा भाग. तो इथं लिहीत नाही.

पुढच्या रविवारी मिस्त्री आले. सगळं ऐकून घेतलं, एक शब्द बोलले नाहीत. पहिल्यांदा खिडकीचं प्लास्टिक फाडून काढलं. मग इंजिन सुरू न करताच कार्बोरेटर सोडवला आणि आतला फ्लोट बाहेर काढला. फ्लोट म्हणजे पोकळ पितळी तरंगणी. आपल्या छतावरच्या टाकीत पाणी भरलं की नळ बंद करणारा बॉल असतो, तेच काम. पेट्रोलची पातळी वाढली की तो वर येऊन रस्ता बंद करतो. मिस्त्रींनी तो कानाशी धरून हलवला आणि माझ्या कानाशी आणला. आत खळखळ वाजत होतं. तरंगणीला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, आत पेट्रोल शिरलं होतं, ती जड होऊन बुडत होती, आणि म्हणून पेट्रोल येतच राहत होतं. गरम पाण्यात बुडवल्यावर भोकातून बारीक बुडबुडे आले. सगळं पेट्रोल निघून जाईपर्यंत त्यांनी वाट बघितली, मग जागा खुणेने धरून अगदी थोडी डाग दिली. जास्त शिसं लागलं तर तरंगणी पुन्हा जड. खर्च शून्य. त्यांची चूक एवढीच की हे त्यांनी आधी उघडलं नाही, असं तेच म्हणाले. माझ्या मते तरंगणी पहिल्यांदा उघडायला हवी होती आणि शटर त्याच्याही आधी.

कारण दोन्ही आजारांचं मूळ एकच होतं. पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणून इंजिनाला अजीर्ण. आणि अर्धवट जळलेल्या त्याच पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साईड जास्त. जुन्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. असं अजीर्ण झालेलं इंजिन जागेवर चालू ठेवलं की धुराच्या शंभर भागांत पाच-सहा भागही हा वायू असू शकतो. मी नंतर कागदावर हिशेब मांडला. ९४८ सीसीचं इंजिन, सावकाश फेरे, दहा फूट उंचीची माझी खोली. फट अजिबात नाही असं धरलं तर दहा मिनिटांत हवेच्या दहा लाख भागांत सात-आठशे भाग होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा मिनिटांसाठी घालून दिलेली मर्यादा साधारण नव्वद भागांची आहे. वीतभर फटीने हा आकडा थोडा खाली आला असेल. किती खाली आला, ते आमच्या रक्ताने सांगितलंच.

आता दुसरी चूक. हॉस्पिटलात पुतण्याच्या कॉटशेजारी बसलो असताना, पहाटे, मला एक पेशंट आठवली. (त्यांना विचारून लिहितोय, ओळख लपवून.) एक तरुण बाई. डिसेंबरात दोनदा आली होती. डोकं दुखतं, चक्कर येते, एकदा न्हाणीघरातून बाहेर येताना कोसळली. हिमोग्लोबिन १० होतं. मी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या, पालेभाज्या सांगितल्या. दुसऱ्यांदा आली तेव्हा बरोबर चार वर्षांचा मुलगा होता. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला बी आंघूळ घातली की उलटी हुती." मी मुलाचं पोट तपासलं. उलटीचं औषध लिहिलं. दोघं एकाच न्हाणीघरात आंघोळ करतात, हे दोन पेशंटचे दोन कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी असताना मला दिसलं नाही.

घरी पोचल्यावर आंघोळही न करता मी त्यांच्याकडे गेलो. न्हाणीघर चार बाय पाच फुटांचं. आतच भिंतीवर गॅस गिझर. वर एक झरोका, त्याला थंडी लागू नये म्हणून पुठ्ठा लावलेला. दाराच्या फटीला गोणपाट. मी म्हटलं, "मावशी, आत्ताच्या आत्ता हा गिझर बंद." त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सोत्ता आलाय, तेबी बिनअंघुळीचं, म्हंजी कायतरी मोठंच हाय." गिझर बाहेर, उघड्या जागी लावून घेतला, पाणी पाइपने आत. पुठ्ठा निघाला. बाईंची डोकेदुखी गेली. रक्त वाढायच्या गोळ्या चालू ठेवल्या, कारण रक्त खरंच कमी होतं. तेवढं निदान माझं बरोबर होतं, आणि तेच मला पुढचं दिसू देईना.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत नको, हे त्यामुळे मी आता पाय मुरगळलेल्या माणसालाही सांगतो. बंद न्हाणीघरात गॅस जळतो तो आतल्याच ऑक्सिजनवर. तो कमी होत जातो तशी ज्योत अपुरी जळायला लागते, आणि मग हा वायू. आंघोळीची आठ-दहा मिनिटं पुरतात. बंद खोलीत रात्री शेगडी किंवा कोळशाची पाटी ठेवून झोपणं तेच. दुकानात जनरेटर आत ठेवून दार लावणं तेच. आपल्या भागात आणखी एक आहे. विहीर उपसायला छोटा इंजिनवाला पंप खाली उतरवतात, आणि तो बंद पडला म्हणून बघायला माणूस उतरतो. तो वर आला नाही म्हणून दुसरा. विहिरीत आधीच हवा कोंडलेली असते. बिनतयारीने कुणीही खाली उतरू नये, सख्खा भाऊ खाली असला तरी. हे लिहायला सोपं आहे, माहीत आहे. तरी अग्निशमन दलाला बोलावा आणि वरून दोर, वरून हवा द्या.

तुमच्यापैकी कुणाला हे झालं असेल का, ते ओळखायला मी आता काही प्रश्न विचारतो आणि तुम्हीही घरी ते विचारू शकता. डोकं कुठं असताना दुखतं? त्या जागेतून बाहेर गेल्यावर, तासा-दोन तासांत बरं वाटतं का? घरातल्या आणखी कुणाचं त्याच वेळी दुखतं का? ताप नाही, सर्दी नाही आणि दोघा-तिघांना एकदम मळमळ, हे पित्त नसतं. घरात कुणी गरोदर असेल, लहान मूल असेल, हृदयविकाराचा पेशंट असेल तर शंका आली तरी पुरे, कारण या तिघांना कमी वायूही जास्त बाधतो. पोटातल्या बाळाला तर आईपेक्षाही जास्त. अशा वेळी आधी माणसाला उघड्यावर आणा, मग जमलं तर ज्योत किंवा इंजिन बंद करा, आणि डॉक्टरला "अमुक जागी असताना झालं" असं स्वतःहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो. मी विसरलो. बोटावरचा ९९ दाखवून कुणी परत पाठवलं तर रक्ताच्या तपासणीचा आग्रह धरा.

कार्बन मोनॉक्साईड हुंगून वाजणारे छोटे अलार्म मिळतात. मी दोन घेतले, एक शेडमध्ये, एक आईच्या घरी. आईने विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, मटणाचा वास ओळखतं. बायकोने माझ्याकडे बघितलं.

गाडी चालते. मागच्या महिन्यात पुतण्या आणि मी वाठारपर्यंत जाऊन आलो, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून मागून. प्लग आता बिस्किटाच्या रंगाचे निघतात, म्हणजे जळण नीट होतंय. गाडीच्या तळाला गंजून दोन भोकं पडली होती, तीही आधी बुजवून घेतली, कारण सायलेन्सर गळका असेल तर चालत्या गाडीतही धूर तिथून आत येतो. चढावर इंजिन अजून तापतं. त्याचं कारण मिस्त्रींना माहीत आहे आणि या वेळी आम्ही त्यांचं ऐकणार आहोत.

मिस्त्रींबद्दल एक राहिलं. परत निघताना मी त्यांना विचारलं होतं, तुमचं कधी डोकं दुखतं का. "थंडीत आमच्या शॉपात समद्यांचंच दुखतंय. तेलाच्या वासानं." पुढच्या गुरुवारी मी उद्यमनगरात गेलो. लांबट गाळा, सहा माणसं, थंडीसाठी शटर निम्म्यावर, आणि आत टेबलावर पेट्रोलची दोन इंजिनं ट्रायलला लावलेली. आता तिथं एक जाड रबरी पाइप आहे. त्याचं एक टोक सायलेन्सरला बसतं आणि दुसरं भिंतीला भोक पाडून रस्त्यावर काढलंय. भोक मिस्त्रींनी स्वतः पाडलं. मालकाला विचारलं का म्हटलं, तर म्हणाले, "इचारलं असतं तर उन्हाळा आला असता."